दूषित अन्नाचे बिल कोण भरते?

अकोल्याहून निघालेला रस्ता पातूरच्या पुढचा घाट चढून वाशिम जिल्ह्यात उतरला की मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. महामार्गावरचे गाव, त्यामुळे चहाच्या टपऱ्या, नाश्त्याची हॉटेले, ढाबे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ इथे कायमची. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे भागले नाही तर मालेगावचे ग्रामीण रुग्णालय, मग वाशिमचे जिल्हा रुग्णालय आणि अगदीच गंभीर झाले तर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय. जुलाब-वांत्यांनी आडवा झालेला माणूस याच रस्त्याने पुढे-पुढे पाठवला जातो आणि दर टप्प्यावर खर्च वाढत जातो. गाडीभाडे वाढते, सोबतीला येणारी माणसे वाढतात, घरापासून दूर राहण्याचे दिवस वाढतात. केसपेपरवर मात्र यातले काहीच उमटत नाही.

हे पुस्तक त्या न उमटलेल्या खर्चाविषयी आहे. अन्नातून पोटात जाणाऱ्या जिवाणूंमुळे कोण आजारी पडते, हे वैद्यकाच्या पुस्तकांत सविस्तर सापडते. त्या आजाराचे पैसे कोण भरते, कोणत्या घरातून किती जातात आणि ते भरून निघायला किती काळ लागतो, याचा विचार फार थोडा होतो. पुढील प्रकरणांची मांडणी म्हणूनच जिवाणूंच्या नावांनुसार न करता माणसांच्या गटांनुसार केली आहे : लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे, शेतमजूर, हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे, छोटे हॉटेलवाले आणि सार्वजनिक पंगती घालणारी मंडळे. या सगळ्यांना जोडणारे एकच म्हणणे आहे. दूषित अन्नाचा आजार टाळण्याचा खर्च थोडा असतो आणि तो गावाने मिळून करायचा असतो. आजार टाळला नाही की उपचाराचा खर्च मोठा होतो आणि एकेकट्या घरावर पडतो. ज्या घराची ऐपत सर्वांत कमी, त्याच्यावर तो सर्वांत जड पडतो.

आधी थोडे कारणांविषयी. आपल्याकडे भंडारा, सप्ताहाचा काला, लग्न, तेरवी असे काही असले की शेकडो माणसांचा स्वयंपाक एकाच वेळी होतो. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, भात, बुंदी हे पदार्थ चांगले शिजलेले असतात. धोका पुढच्या तासांत असतो. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात बहुतेक रोगकारक जिवाणू वाढतात, आणि वऱ्हाडातला उन्हाळा तर त्यांच्यासाठी फारच सोयीचा. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या वेगाने एका जिवाणूचे चार तासांत चार हजारांहून अधिक होतात. वरणाचा मोठा गंज मध्यभागी हळूहळू निवतो, तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो. शिजवून उघडा ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरिअस वाढतो. वाढणाऱ्याच्या किंवा आचाऱ्याच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस गोड पदार्थांत, खव्यात उतरतो. त्याने तयार केलेले विष पुन्हा उकळी दिली तरी नष्ट होत नाही, म्हणून ‘गरम करून खाल्ले, मग कसे झाले’ हा प्रश्न प्रत्येक विषबाधेनंतर ऐकू येतो. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर या विषाचा संशय घ्यावा. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले तर परफ्रिंजेन्सचा. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर आणि ई. कोलायचे काही प्रकार यांना बहुधा एक-दोन दिवस किंवा अधिक वेळ लागतो, आणि त्यांचा ताप, रक्ताची हगवण, अशक्तपणा जास्त दिवस टिकतो. टायफॉईडला तर एक-दोन आठवडेही लागतात.

अन्न आणि पाणी यांची इथे फारकत करता येत नाही. कोथिंबीर ज्या पाण्याने धुतली, पीठ ज्या पाण्याने मळले, ताक ज्या पाण्याने वाढवले, तेच पाणी जेवणात येते. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून पटकीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. वीजबिल थकल्यामुळे नळाचा पुरवठा बंद होता, म्हणून लोक उघड्या विहिरीवर गेले होते, असे त्या वेळी समोर आले. थकलेल्या एका बिलाची किंमत गावाने किती मोठ्या रकमेत चुकवली, याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या वहीत मांडला गेला नाही. असे हिशेब मांडता यावेत म्हणूनच हा विषय आरोग्याच्या आणि अर्थशास्त्राच्या सीमेवर उभा करावा लागतो.

जगाच्या पातळीवर हा हिशेब गेल्या दहा-पंधरा वर्षांत आकाराला आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पहिला मोठा अंदाज प्रसिद्ध केला. दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात, असे त्यात म्हटले होते. पाच वर्षांखालील मुले जगाच्या लोकसंख्येत ९ टक्के, पण या आजारांचा ४० टक्के भार त्यांच्यावर, आणि मृत्यूंपैकी सव्वा लाख त्यांचे. भारत ज्यात येतो त्या आग्नेय आशिया विभागात दरवर्षी १५ कोटी लोक आजारी पडतात आणि १ लाख ७५ हजार मरतात, असाही त्यातला अंदाज आहे. यात विषाणू, परजीवी आणि रसायनेही धरलेली आहेत, पण जिवाणूंचा वाटा मोठा आहे. पुढे जागतिक बँकेने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचे नुकसान वर्षाला ११० अब्ज डॉलर इतके काढले. त्यातले सुमारे ९५ अब्ज डॉलर बुडालेल्या कामाचे आणि उत्पादनाचे होते, उपचारांचे १५ अब्ज. उपचारांचा खर्च म्हणजे एकूण नुकसानाचा जेमतेम सातवा हिस्सा. दवाखान्याचे बिल पाहून आजाराची किंमत ठरवणारा माणूस सातांपैकी सहा भाग पाहतच नाही, असा याचा अर्थ होतो.

हे सहा भाग मेडशीच्या मापाने पाहू. जुलाब-वांत्यांच्या एका आजारपणाचे खर्च चार खात्यांत मांडता येतात. पहिले खाते दवाखान्याचे : तपासणी फी, रक्त-शौचाच्या तपासण्या, औषधे, सलाईन, खाट. दुसरे खाते येण्या-जाण्याचे आणि सोबतच्यांच्या जेवणाखाण्याचे. तिसरे बुडालेल्या मजुरीचे, आणि यात रुग्णाइतकीच त्याच्या उशाशी बसणाऱ्याची मजुरीही मोजायची. चौथे खाते लांबणीवर पडणारे : उसनवारी, विकलेली शेळी, चुकलेली पेरणी किंवा सोंगणी, मुलाची घटलेली वाढ. शेतमजुरीचा दर हंगामागणिक बदलतो, म्हणून उदाहरणापुरता २०२५-२६ चा रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर घेऊ, दिवसाला ३१२ रुपये. एक मजूर चार दिवस आजारी आणि त्याची बायको चार दिवस त्याच्यापाशी, इतकेच धरले तरी आठ रोज बुडतात आणि २,४९६ रुपये जातात. दवाखान्यात एक रुपयाही लागला नाही असे मानून हा आकडा येतो. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत हेच घडले तर रोज मोठा असतो आणि काम पुन्हा मिळण्याची खात्री नसते, त्यामुळे नुकसान त्याहून वाढते.

दवाखाना मोफत नसेल तर काय होते, ते राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीतून दिसते. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातली ही पाहणी. बाळंतपणे वगळून सर्व आजारांची सरासरी धरली, तर ग्रामीण भारतात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा वैद्यकीय खर्च ४,२९० रुपये होता आणि खासगीत २७,३४७ रुपये. दाखल होण्याच्या कारणांत संसर्गजन्य आजारांचा वाटा सर्वांत मोठा होता. ग्रामीण कुटुंबांनी हा खर्च प्रामुख्याने उत्पन्नातून आणि साठवणीतून भागवला, आणि सुमारे १३ टक्के कुटुंबांना मुख्यतः कर्जावर विसंबावे लागले. साठवण संपली की पुढच्या आजाराला तेवढे कर्ज ठरलेलेच. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या वर होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये त्या वर्षीही आजारी माणसाच्याच खिशातून जात होते, हे विसरून चालणार नाही.

आता गटांकडे वळू. लहान मुलाच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, म्हणून त्याला दवाखान्यात न्यायला उशीर चालत नाही आणि सोबत एक मोठे माणूस लागतेच. दिल्लीतल्या एका गरीब वस्तीत टायफॉईडच्या खर्चावर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका आजारपणाचा सरासरी खर्च ३,५९७ रुपये निघाला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचा १८,१३१ रुपये. साधारण निम्मा खर्च कुटुंबाने सोसला होता, निम्मा सरकारी यंत्रणेने. वयोगटांनुसार पाहता सर्वाधिक अपेक्षित नुकसान दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या बाबतीत होते. पुढे २०१७ ते २०२० या काळात देशात टायफॉईडची मोठी पाहणी झाली. मुलांमधले प्रमाण शहरी वस्त्यांत दर लाखामागे वर्षाला ५७६ ते १,१७३ आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अवघे ३५ निघाले. एकाच देशात, एकाच आजाराचा एवढा फरक. म्हणून दिल्लीचा किंवा पुण्याचा आकडा उचलून मेडशीला चिकटवणे अन्यायाचे होईल. मेडशीचा आकडा मेडशीतच मोजावा लागेल.

मोजल्यावर काय करता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना टायफॉईडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. सरकारी यंत्रणेतून ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयत्न होता. घरोघर विखुरलेला खर्च एकत्र मोजला, तर तो टाळण्यासाठी सामुदायिक खर्च करणे परवडते, हा विचार त्यामागे आहे.

गरोदर बाईची जोखीम वेगळी. लिस्टेरियासारखा संसर्ग तिला स्वतःला किरकोळ तापासारखा वाटतो आणि गर्भाला घातक ठरतो. साध्या जुलाबांतही तिच्या अंगातले पाणी कमी होणे दोन जिवांना बाधते. म्हाताऱ्या माणसांत, मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत हाच आजार लवकर गंभीर होतो, दाखल राहण्याचे दिवस वाढतात आणि आधीपासूनच्या औषधांच्या खर्चात नवी भर पडते. या तिन्ही गटांचा खर्च बहुतेक वेळा दुसरेच कोणी भरते, आणि कामाचे दिवस मोडतात ते घरातल्या बाईचे. तिचा रोज हिशेबात धरला जात नाही, तिने घरी केलेल्या शुश्रूषेला तर मोलच लावले जात नाही. हे मोल लावल्याशिवाय कोणताही अंदाज पुरा मानू नये, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

वाशिम जिल्ह्यातून, विशेषतः तांड्यांवरून, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे हा आणखी एक गट. कोपीतला संसार, मिळेल ते पाणी, रात्रीचे उरलेले सकाळी फडात खाणे, शौचालय नाही. आजारी पडले तर उचल अंगावर असते आणि खाडे त्यात धरले जातात. त्यांच्या गावचे आरोग्य केंद्र, तिथली ओळखीची आशाताई आणि अंगणवाडी शेकडो किलोमीटर मागे राहिलेली असते. मेडशीच्या नोंदवहीत त्यांचा आजार येत नाही, कारण तो दुसऱ्या जिल्ह्यात होतो. तिथल्या नोंदवहीतही येत नाही, कारण तिथे ते कुणाचेच नसतात.

सार्वजनिक पंगतींविषयी मोकळेपणाने बोलायला हवे. रथसप्तमीला मालेगाव तालुक्यातच डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेत मोठा महाप्रसाद होतो. गावोगाव सप्ताह होतात. हजारोंनी एका पंगतीत जेवावे, कुणी उपाशी जाऊ नये, ही या प्रदेशाची मोठी परंपरा आहे, आणि ती टिकावी म्हणूनच तिच्या सुरक्षेचा विचार करायचा. २० फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातला एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरली नाही. लोकांना बाहेर जमिनीवर झोपवून, दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना बाधा झाली. अशा प्रत्येक घटनेमागे जिवाणूच असतात असे नाही, उपवासाच्या भगरीत बुरशीचे विषही असू शकते. खर्चाची वाट मात्र सारखीच. प्रसाद मोफत होता, आजारपण मोफत नव्हते.

सरकारी आधाराची नोंद न्यायाने घेतली पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे छत्र आता कुटुंबामागे पाच लाख रुपयांचे झाले आहे. केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमची निवड केली, आणि २०२४ मध्ये वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. एवढे होऊनही वर मांडलेल्या चार खात्यांपैकी पहिलेच खाते हलके होते. गाडीभाडे, मजुरी आणि उसनवारी तशीच राहते. शिवाय रात्री-अपरात्री त्रास सुरू झाला की लोक जवळच्या खासगी दवाखान्यात जातात, आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च विमा योजनेत बसत नाही.

यातला बराच खर्च अनावश्यकही असतो. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुधा प्रतिजैविके लागत नाहीत. क्षारसंजीवनी लागते, आणि मुलांना जोडीला चौदा दिवस झिंक. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजून असंख्य लोकांना वाचवले. त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट आज आशाताईच्या पिशवीत असते. तरीही ‘बाटली लावा’ हाच आग्रह आपल्याकडे जास्त. रक्ताची हगवण, सतत उलट्या, लघवी थांबणे, ग्लानी, तीव्र ताप ही दवाखान्यात तातडीने जाण्याची लक्षणे आहेत. त्याखेरीज घेतलेली प्रतिजैविके आज खिसा रिकामा करतात आणि उद्या जिवाणूंना निर्ढावतात. मग टायफॉईडला महागडी औषधे लागतात, आणि तो वाढीव खर्च कुणा तिसऱ्याच घरावर पडतो.

आणि टाळण्याचा खर्च किती? हजार लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते. पन्नास हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. तासाभराने पाण्यात पुरेसा क्लोरीन उरला आहे का, ते पाहायला ओ. टी. चाचणीचे काही थेंब. पंगतीसाठी नियम तेवढेच सोपे : शिजलेले अन्न दोन तासांत वाढावे, नाहीतर वाफाळते गरम ठेवावे. भला मोठा गंज निवत ठेवण्याऐवजी लहान भांड्यांत काढावे. जुलाब किंवा हाताला जखम असलेल्याने वाढू नये. आचाऱ्यांना साबण आणि वाहते पाणी द्यावे. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, आणि छोट्या हॉटेलवाल्याला थोड्या शुल्कात नोंदणी करता येते. नोंदणीने अन्न आपोआप शुद्ध होत नाही, पण हॉटेल कुणाचे, जबाबदारी कुणाची, हे ठरते. एका साथीने त्याचा सगळा धंदा बसू शकतो, म्हणून स्वच्छता हीच त्याच्या भांडवलाची राखण आहे.

अमेरिकेत पंधरा प्रमुख रोगकारकांचा वार्षिक खर्च २०१८ च्या किमतींत १७.६ अब्ज डॉलर, असे तिथले कृषी खाते सांगू शकते, कारण १९९६ पासून तिथे अन्नजन्य संसर्गांची सलग नोंद ठेवली जाते. आपल्याकडे साथरोगांची साप्ताहिक नोंद होते, पण एकेकट्या घरातला आजार तिच्यात क्वचितच पोचतो आणि शौचाची जिवाणू तपासणी तर फार थोड्यांची होते. मेडशीसारख्या गावात ही सुरुवात साध्या वहीने होऊ शकते. आजारी कोण, वय काय, कशानंतर त्रास झाला, कुठे नेले, किती रोज बुडाले, पैसे कुठून आणले : एवढे सहा रकाने. नावे झाकून ही बेरीज वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचली जावी आणि तिच्या शेजारी गावाने पाणी शुद्ध करण्यावर, शाळेच्या स्वयंपाकघरावर, सार्वजनिक पंगतींच्या देखरेखीवर केलेला खर्च मांडला जावा.

हे दोन आकडे शेजारी-शेजारी आले की ग्रामपंचायतीला ब्लीचिंग पावडरीचा खर्च मोठा वाटणार नाही, आणि वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला हात धुण्याची सोय हा किरकोळ तपशील वाटणार नाही. आज आजारी पडणारी घरे एकेकटी पैसे भरतात, म्हणून त्यांची रक्कम कुणाला दिसत नाही. ती दिसावी, मोजली जावी, आणि ज्यांच्या हातात ती टाळणे आहे त्यांच्यासमोर ठेवली जावी, या हेतूने पुढची प्रकरणे लिहिली आहेत. आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, सरपंच, आचारी आणि हॉटेलवाले यांनी ती आपापल्या गटाच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी आणि शेजारच्या गटाचे प्रकरणही सोडू नये, कारण एकाच्या कामातली कसूर दुसऱ्याच्या घरात कर्ज होऊन उतरते.